अठरा ताव

श्रोतेहो, नमस्कार. आज लंडनमधल्या एका घराची गोष्ट सांगायची आहे.

पश्चिम लंडनमध्ये बेडफर्ड पार्क नावाची वसाहत आहे. १८७५ पासून तिथे लाल विटांची, लाल कौलांची घरं उभी राहत गेली. १८९१ मध्ये त्या लाल घरांच्या मधोमध एक उंच, सडपातळ, पांढरं घर आलं. एका चित्रकारासाठी बांधलेलं. वास्तुकार होता चार्ल्स व्हॉयसी, तेव्हा चौतिशीतला. आर्ट्स अँड क्राफ्ट्स पद्धतीतलं एक मोठं नाव. माल खरा, काम हाताचं, उगाच सजावट नाही, ही त्या मंडळींची भूमिका.

घर लहान, खर्च बेताचा. तरीही व्हॉयसीला कंत्राटासाठी नकाशांचे अठरा ताव काढावे लागले. अठरा! कशासाठी? नक्षी कशी करायची ते सांगायला नव्हे, तर नक्षी होऊ नये म्हणून. दाराच्या चौकटीला गोलसर कंगोरा नको. लाकडाची कड तिरपी तासायची नाही. सांध्यावर बारीक पट्टी मारायची नाही. हे सगळं त्या काळच्या सुताराच्या हातात इतकं बसलेलं होतं, की कागदावर जागा कोरी दिसली की तो तिथे कंगोरा काढायचाच. म्हणून कोरी जागाच ठेवायची नाही. प्रत्येक कड काढून दाखवायची.

आणि सुताराचंही खरं होतं. लाकडाची चौकट आणि गिलावा दोन्ही वाळताना आकसतात, मधे केसभर फट पडते. कंगोऱ्याची पट्टी ती फट झाकते. पट्टी नको असेल, तर चौकटीच्या मागच्या कडेला आधीच खोबण पाडावी लागते आणि गिलावा तिच्यात दाबून भरावा लागतो. लाकूड नीट मुरलेलं हवं, सांधा बिनचूक हवा, कारण झाकायला काहीच नाही. साध्या कामाला कसब जास्त लागतं. पुन्हा सांगतो, साध्या कामाला कसब जास्त लागतं. आज घरोघरी खोटी छतं आणि चिकटवलेल्या लाकडी रंगाच्या पट्ट्या दिसतात. त्यांच्याखाली किती वाकडे सांधे दडलेत, ते कुणी पाहत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

आता भिंती. व्हॉयसी भिंत नऊ इंचीच धरायचा, म्हणजे एका विटेच्या लांबीएवढी. स्वस्त पडते. पुढच्या बऱ्याच घरांत त्याने तिला बाहेरून तिरप्या टेकूभिंती दिल्या. पण नऊ इंचांतून इंग्लंडचा पाऊस आत येतो. म्हणून वर खडबडीत गिलावा. आधी एक थर लावायचा, ओला असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढायच्या. तो धरला की बारीक खडी मिसळलेला ओला माल थापीने जोरात फेकायचा. फेकायचा, थापायचा नाही. एक अख्खी बाजू एका दमात संपवायची, नाहीतर कालचं आणि आजचं काम कायम वेगळं दिसतं.

बिघडतं कुठे? केसभर तडा जातो, पाणी मागे शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि गिलावा सुटतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत जावं. पोकळ आवाज येईल तेवढा भाग खडूने आखून, घट्ट कडेपर्यंत काढून टाकावा आणि नव्याने करावा. वर प्लॅस्टिक रंग नको, ओल आत कोंडते. आपल्याकडच्या चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांवर सिमेंट थापतात, तिथेही हेच होतं. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. सिमेंटच्या थरामागे ओल अडकली की ती आतल्या बाजूने फुटते, आणि मग माणसं दोष भिंतीला देतात.