वाघाच्या पंक्तीला बसलेला मासा

राजेहो, नागपूरहून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत झोपावं लागतं. त्यामुळे इथे शार्कवर बोलणं फार सोयीचं. थापा मारल्या तरी तपासायला कोण जाणार? (हशा)

पण आधी माझी तक्रार. आजच्या पत्रिकेवर तोंड वासलेला, रक्ताळलेल्या दातांचा शार्क पाहिलात ना? मी थेट छापखान्यात गेलो. म्हटलं, "भाऊ, हा तो नव्हे. माझा व्हेल शार्क बसएवढा लांब, पण दात कणीएवढे. आहेत तीनेक हजार, पण चावायला त्याला लागतच नाहीत. तोंड उघडून पाणी घेतो, कल्ल्यांतून सोडतो, आणि गाळून मागे राहिलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारके जीव, माशांची अंडी, बारीकसारीक मासळी गिळतो." तो म्हणाला, "सर, दात नाही दाखवले तर येईन कोण?"

मी विचारलं, "वाघाच्या कार्यक्रमाला काय छापता?" "बछडा, सर. गोड दिसते." आता वाघ काय करतो, ते ताडोबाच्या वेशीवरच्या गावात विचारा. त्याचा बछडा, आणि गाळणी घेऊन फिरणाऱ्याच्या तोंडाला रक्त! प्रूफ तपासून दिलं. नवी पत्रिका आली. रक्त गेलं होतं. दात तसेच, उलट जास्त पांढरे. (हशा)

माझं म्हणणं एवढंच, की नाव आणि चित्र यांवर जनावराचं नशीब ठरतं. गुजरातेत वेरावळच्या किनाऱ्यावर या माशाला 'बॅरल' म्हणत. का? तर त्याला गळ मारून दोरीला पिंपं बांधायचे, म्हणजे त्याला बुडी मारता येत नसे. दमला की ओढून आणायचा. यकृताचं तेल लाकडी होड्यांना फासायला, मांस परदेशी. ज्याचं नावच पिंप, त्याची दया कोणाला येणार?

2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, हा मासा आला. वाघाच्या पंक्तीला! हा मान मिळालेला भारतातला पहिला मासा. पण राजपत्र काही बंदरावर वाचत नाहीत. मग 2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वन विभाग आणि टाटा केमिकल्स यांच्या मोहिमेत रामकथाकार मोरारीबापू उतरले. ते म्हणाले, ही 'व्हाली', लाडकी लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. आता आपल्याकडे महालक्ष्म्या घरी येतात तेव्हा कुणी त्यांना गळ लावतं का? खलाशी स्वतःची जाळी कापून त्यात अडकलेल्या व्हालीला सोडू लागले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आणि संरक्षण हा आजचा विषय, तो तर राहिलाच. भराभर सांगतो. कापलेल्या जाळ्याची भरपाई गुजरात सरकार देऊ लागलं, नंतर महाराष्ट्रानेही सुरू केली. आपल्याकडे वाघाने गाय मारली की भरपाई मिळते, तसंच. सुटका करताना खलाशी फोटो काढतात. तोच पुरावा, आणि अभ्यासालाही कामाचा, कारण प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, वाघाच्या पट्ट्यांसारखे. शेकडो मासे असे सुटले.

आणि एकच. 1995 मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात 300 पिल्लं निघाली. म्हणजे मादी मारली की काय जातं, हिशेब करा. तरी 2016 पासून धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत तो 'संकटग्रस्त' आहे.

दुसरी चिठ्ठी. चहा थंड होतोय म्हणे. जाताना पत्रिका मागच्या टेबलावर ठेवून जा. दात मी पेनाने खोडणार आहे.