रानात नेण्याचे पाते

सन्माननीय अध्यक्ष आणि श्रोतेहो,

पावसाळा ओसरला की आपल्याकडची तरुण मंडळी गोव्यातल्या मोले, नेत्रावळी, खोतीगाव इथल्या अभयारण्यांच्या वाटा धरतात आणि दरवर्षी त्यांच्यापैकी कोणीतरी मला विचारते, “सर, चाकू कोणता घेऊ?” माझे उत्तर सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पाते किती लांब आहे हे शेवटी पाहावे. ते मुठीत कसे बसवले आहे हे आधी पाहावे. हे मला एक चाकू मोडल्यावर कळले, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय माझे म्हणणे तुम्हांला पटणार नाही.

नोव्हेंबरचा महिना होता. सत्तरी तालुक्यातल्या एका स्नेह्यांच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, वरच्या अंगाला त्यांचेच खासगी रान आहे. तिथली झर पाहायला आम्ही चौघे निघालो होतो. माझ्याजवळ शहरातल्या दुकानातून हौसेने आणलेला चाकू होता. पाते वीतभर लांब, पाठीला करवतीचे दाते, मूठ आतून पोकळ, तीत गळ आणि आगपेटी, टोपणावर होकायंत्र. उतारावर आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला आणि त्याला आधाराला काठी हवी झाली. मी चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, बेटातली अंगठ्याएवढी काठी धरून घाव घालू लागलो. तिसऱ्या घावाला पाते चिव्यात रुतून राहिले आणि हातात नुसती मूठ आली. पाते माझ्याच दिशेने उसळले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

कुळागर राखणारे काका आमच्याबरोबर होते. त्यांच्या कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि तीत कोयता. त्यांनी काठी डाव्या हाताने किंचित वाकवली, ताणलेल्या बाजूवर तिरका घाव घातला, मग समोरून दुसरा, आणि काठी सुटली. पेरांवरचे डोळे त्यांनी पाते अंगापासून दूर नेत साफ तासले, कारण ती काठी दुखऱ्या माणसाच्या तळहातात जाणार होती. मग माझी मूठ उलटी करून त्यांनी आत पाहिले. पात्याचे शेपूट बोटाच्या पेराएवढे, एका नटाने आवळलेले. ते म्हणाले, “पुता, हाका मूळच ना.” म्हणजे, पोरा, याला मूळच नाही.

श्रोतेहो, चाकूविषयी इतके नेमके वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. घाव घालताना सगळा ताण पाते आणि मूठ यांच्या सांध्यावर येतो. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असेल, तर तो ताण पूर्ण लांबीवर वाटला जातो. शेपूट आखूड असेल तर सारा भार एका जागी येतो आणि तिथेच ते तुटते. करवतीचे दाते आणि होकायंत्र यांचे पैसे देण्याऐवजी हे मूळ पाहून घ्यावे. काकांचा कोयता गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेला होता. तो गंजतो हे खरे. कच्ची कैरी किंवा भिरंड, म्हणजे कोकमाचे फळ, कापली की काळाही पडतो. परंतु साध्या सहाणेवर त्याला पुन्हा धार येते आणि पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला की आपल्या दमट हवेतही तो टिकतो. कातड्याच्या म्यानात मात्र पाते महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण कातडे ओल धरते.

अध्यक्षांनी वेळेची आठवण करून दिली आहे, म्हणून मुख्य मुद्दे भराभर मांडतो.

अभयारण्यात जाणार असाल, तर कोणता चाकू हा प्रश्नच नंतरचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा उल्लेख आहे. परवानगी नसेल तर पाते घरीच ठेवावे. खासगी रानात किंवा कुळागरात जाणाऱ्याला ४ इंचांचे, न मिटणारे, पूर्ण मुळाचे पाते पुरते. दोरी, फळे, पट्टीचे कापड आणि चुलीसाठी काटक्या तासणे, एवढेच तर काम असते. मिटणारा चाकू घेतलाच तर उघडल्यावर पाते पक्के अडकते ना, हे पाहावे, नाहीतर ते बोटांवर मिटते. मूठ ओल्या हाताने धरून पाहावी. धार नखावर टेकवून पाहावी. घसरली तर बोथट, रुतली तर ठीक. बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि म्हणूनच हात अधिक कापतात.

आणखी एक, आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. साप चावल्यावर जखमेला चीर देऊ नये. त्याने विष बाहेर येत नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढतो. तो अवयव न हलवता माणसाला रुग्णालयात न्यावे.

माझी मोडकी मूठ आणि सत्तरी तालुक्यातल्या लोहाराकडून करून घेतलेली छोटी सुरी, दोन्ही या टेबलावर ठेवली आहेत. व्याख्यानानंतर पुढे येऊन त्या मुठीच्या आत जरूर पाहा. सुरी उचलताना तेवढी मुठीकडून उचला.