खडबडीत ब्लॉक, सरळ भिंत

जुळे सोलापुरातलं हे कंपाउंडचं काम. ब्लॉक आहेत स्प्लिट फेस. दोन ब्लॉक एकत्र जोडून ओततात आणि मशीनच्या पात्याखाली मधोमध फोडतात. त्यामुळे तोंड दगडासारखं खडबडीत दिसतं, आणि एकाचं तोंड दुसऱ्यासारखं कधीच नसतं.

गवंड्याची खरी परीक्षा इथेच. लेव्हल पट्टी तोंडाला लावली की ती एखाद्या उंचवट्यावर टेकते. बुडबुडा मधोमध येतो, भिंत मात्र ओळंब्यातून सुटलेली असते. थरामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फरक पडला तरी 8 थरांत भिंत इंचभर बाहेर जाते.

आपल्याकडचे पाथरवट दगडाचं पोट ओबडधोबडच ठेवायचे, पण कडेने छिन्नीने सरळ पट्टी काढायचे. दोरी धरायची ती त्या पट्टीला. ब्लॉकला अशी पट्टी नाही, पण पाठ आहे. ती साच्यातून आलेली, सपाट. म्हणून दोरी पाठीकडून बांधायची आणि ओळंबाही पाठीलाच लावायचा. हे बघा, दोरी आणि ब्लॉक यांच्यात केसभर फट ठेवलीय. एक जरी ब्लॉक दोरीला टेकला, तरी दोरी ढकलली जाते आणि पुढचा अख्खा थर वाकडा जातो. समोरून बघून ब्लॉक मागे-पुढे सरकवायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा.

कॉलमला चारही बाजूंनी फोडलेलं तोंड, म्हणजे पाठच नाही. इथे ब्लॉकच्या आतल्या पोकळीच्या, साच्यातून सरळ आलेल्या कडांवरून मध्य काढून ब्लॉकच्या माथ्यावर खूण करतात. कॉलमच्या लगतच्या दोन बाजूंना थोडं अंतर सोडून ओळंब्यात दोऱ्या ताणतात आणि दर थराला खुणेपासून दोरीपर्यंत टेप धरतात. वेळखाऊ आहे, पण खात्रीचं. टोकाचे दोन कॉलम आधी उभे करायचे, मधले त्यांच्या दोरीत.

उंचीचा हिशोब सोपा आहे. ब्लॉक 190 मिलिमीटर, सांधा 10. म्हणजे मीटरला 5 थर. लाकडी पट्टीवर खुणा करून ठेवल्या की झालं.

आता सोलापूरचं ऊन. विटा भिजवतात, तसे हे ब्लॉक भिजवायचे नाहीत. भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीला चिरा पडतात. फार ऊन असेल तर माथा आणि बाजू किंचित ओलसर करायच्या, बस्स. सांध्यातला सिमेंट-वाळूचा मालही उन्हात लवकर आवळतो, म्हणून पुरेल तेवढाच पसरायचा. आवळलेल्या मालावर ब्लॉक ठोकून सरळ केला तर सांधा सुटतो. अशा वेळी ब्लॉक काढायचा, जुना माल खरवडायचा आणि ताज्या मालावर पुन्हा बसवायचा.