उन्हाचा रेणू अंधारात हाताळताना

सकाळी सातच्या सुमारास मासुंदा तलावाभोवती फेऱ्या मारणाऱ्या ठाणेकरांमध्ये एक निवृत्त औषधी रसायनशास्त्रज्ञ रोज असतात. त्यांच्या इच्छेला मान देऊन त्यांचे नाव आम्ही येथे घेतलेले नाही. कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळते, असे सोबतचे कोणी म्हणाले की ते नुसते हसतात. तिरप्या उन्हात अतिनील-ब किरण फारसे पोहोचतच नाहीत; सावली माणसापेक्षा आखूड होते, तेव्हाचे ऊन खऱ्या कामाचे, असे त्यांचे सांगणे आहे.

त्या उन्हात काय घडते, याचा अभ्यास हीच त्यांची कारकीर्द. त्वचेतील 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या रेणूतील एक वलय किरणांनी उघडते आणि शरीराच्या उबेने त्याचे हळूहळू ड3 जीवनसत्त्व होते. पण ते अजून कच्चेच असते. पुढची पहिली पायरी यकृतात घडते; तेथे तयार होणारे रूप हेक्टर डीलुका यांच्या चमूने विस्कॉन्सिन विद्यापीठात 1968 साली वेगळे केले. दुसरी पायरी मूत्रपिंडात घडते, हे 1970 मध्ये केंब्रिज येथे फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवले. मूत्रपिंडातून निघणारे कॅल्सिट्रायॉल रक्तावाटे दूरच्या पेशींपर्यंत जाते आणि तेथील ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, बिलगून जनुकांचे काम चालू किंवा बंद करते. हे वर्तन संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे, आहे. जीवनसत्त्व हे नाव केवळ इतिहासाने चिकटलेले आहे.

नव्वदीच्या दशकात ते ठाण्याहून बसने महापे येथील एका प्रयोगशाळेत जात असत, कारण ठाणे-वाशी लोकल सुरू व्हायला 2004 साल उजाडायचे होते. उन्हातून जन्मणारा हा रेणू प्रयोगशाळेत मात्र उजेड सोसत नाही. त्यातील एकाआड एक असलेल्या तीन दुहेरी बंधांना प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्ही घातक असतात. म्हणून खिडक्यांना काळे कागद, डोक्यावर मंद पिवळा दिवा, प्रत्येक चंबूला अ‍ॅल्युमिनिअमची फॉइल आणि आत आर्गॉन वायू, अशा थाटात काम चाले. वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख, घेतला की रेणू शाबूत असल्यास 265 नॅनोमीटरच्या आसपास एक ठळक टेकडी दिसायला हवी. एका पावसाळ्यात रात्री वीज गेली, जनरेटर वेळेवर चालू झाला नाही, आणि सकाळी शीतपेटीतील नमुन्याच्या आलेखात ती टेकडी बसकी निघाली; काही महिन्यांचे काम त्या एका रेषेत संपलेले दिसत होते.

हा खटाटोप कशासाठी होता? जपानमध्ये तात्सुओ सुदा आणि सहकाऱ्यांनी 1981 साली दाखवले की, कॅल्सिट्रायॉल दिल्यावर उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या पेशी बेसुमार वाढणे सोडून प्रौढ पेशींसारख्या वागू लागतात. तथापि, त्यासाठी लागणाऱ्या मात्रेत रक्तातील कॅल्शिअम धोकादायक पातळीपर्यंत चढते. एक गुण ठेवायचा आणि दुसरा काढायचा, या हव्यासापायी जगभर असंख्य रेणू तयार झाले. त्यांपैकी कॅल्सिपोट्रायॉल सोरायसिसच्या मलमात पोहोचले, कारण त्वचेवर काम करून ते शरीरात शिरले की लवकर मोडते. आमचे शास्त्रज्ञही रेणूच्या शेपटीत फेरबदल करत राहिले. एखादा कार्बन वाढव, एखादा बंध उलट बसव, असे ते काम होते, आणि कुलूप न पाहता किल्ली घासण्यासारखे होते.

कुलूप दिसले ते 2000 साली. स्ट्रासबर्ग येथे डिनो मोरास यांच्या चमूने ग्राहीतील एक लवचीक, नको असलेला तुकडा कापून उरलेल्या भागाचा स्फटिक मिळवला. कॅल्सिट्रायॉलचे तीन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट ग्राहीतील ठरावीक अमिनो आम्लांना धरून बसतात आणि शेपटीच्या टोकाचा गट हिस्टिडीन नावाच्या दोन अमिनो आम्लांमध्ये अडकतो, हे त्यात स्पष्ट दिसले. आश्चर्य म्हणजे ग्राहीतील ज्या पोकळीत रेणू बसतो, तिचा निम्म्याहून थोडाच अधिक भाग रेणूने व्यापला होता. उरलेली जागा रिकामी होती.

त्यांनी बनवलेल्या रेणूंपैकी एकही औषध झाला नाही, हे ते सहज सांगतात. ठाण्यातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, जुन्या प्रयोगवह्या उघडून ते अलीकडे समासात पेन्सिलीने शेरे लिहीत असतात: अमुक रेणू पोकळीत का मावला नसेल, आणि तमुकाची शेपटी हिस्टिडीनपर्यंत का पोहोचली नसेल.