पुलाच्या कडीतला तडा

सायकलची चेन कधी हातात घेऊन नीट बघितलीय का? दोन पट्ट्या, त्यांच्या टोकांना भोकं, भोकातून पिन, आणि त्याच पिनवर पुढच्या दोन पट्ट्या. आता ह्याच चेनची एकेक पट्टी पंधराएक मीटर लांब, फूटभर रुंद आणि दोन इंच जाड आहे असं समजा, आणि अशा दोन चेनना लटकवलेला अख्खा पूल.

असा पूल खरंच होता. अमेरिकेत ओहायो नदीवर, वेस्ट व्हर्जिनियातलं पॉइंट प्लेझंट गाव आणि पलीकडचं ओहायो राज्य जोडणारा, १९२८ साली बांधलेला. ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग दिला होता म्हणून नावच पडलं सिल्व्हर ब्रिज. खरं तर असले झुलते पूल तारांच्या केबलवर टांगायची पद्धत, पण इथे चेन स्वस्त पडत होती, मग चेनच घेतली. केबलमध्ये शेकडो तारा असतात, त्यातली एखादी तुटली तर बाकीच्या सांभाळून घेतात. ह्या चेनमध्ये प्रत्येक कडीला पट्ट्या फक्त दोन.

१५ डिसेंबर १९६७, शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजत आलेले. नाताळ दहा दिवसांवर, कुणी खरेदी करून परततंय, कुणाचं काम सुटलंय, पूल गाड्यांनी भरलेला. आणि तो कोसळला, मिनिटभरात सगळाच. पुलावर ३७ गाड्या होत्या, त्यातल्या ३१ खाली गेल्या. ४६ माणसं गेली, दोघांचे मृतदेह तर कधी सापडलेच नाहीत.

आता गावात काय काय बोललं गेलं ते ऐका. वर्षभर आधीपासून तिथे लाल डोळ्यांचा, पंखवाला कुणीतरी दिसतो अशी हवा होती, मॉथमॅन म्हणायचे त्याला, तर पूल त्यानेच पाडला असंही पसरलं. हसू नका, नवा पूल बळी मागतो असं आपल्याकडची म्हातारी माणसं सांगायचीच की. मॉथमॅनचा चकचकीत पुतळा आज त्या गावात उभा आहे आणि लोक लांबून येऊन त्याच्यासोबत फोटो काढतात.

तपास करणाऱ्यांनी मात्र वेगळंच काम काढलं. नदीच्या गार पाण्यातून लोखंडाचे तुकडे बाहेर काढले आणि एका मोठ्या मोकळ्या मैदानात, पुलावर जो तुकडा जिथे होता त्याच क्रमाने मांडत गेले, फुटलेली कपबशी जुळवावी तसं, फक्त इथे कपबशी चारशे मीटरच्या वर लांब. बहुतेक तुकडे वाकलेले, पिळवटलेले, म्हणजे पडताना मोडलेले. एक पट्टी तशी नव्हती. नंबर ३३०, ओहायोकडच्या टॉवरच्या, म्हणजे चेन पेलणाऱ्या उंच खांबाच्या, डोक्याजवळची. तिचं भोकाभोवतीचं कडं खालच्या बाजूने सरळ तडकलेलं, ना ताणलं गेलेलं ना वाकलेलं, काच तडकते तसं. आणि त्या तुटलेल्या तोंडावर एक छोटासा गंजाचा डाग. म्हणजे तेवढी चीर त्या दिवशीची नव्हती, जुनी होती. खोली किती, तर जेमतेम अडीच मिलिमीटर!

पिन आणि भोक ह्यांच्या फटीत पाणी शिरायचं, गंज धरायचा, वरून ताण कायमचा, आणि चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचा हिसका. कडं तुटलं तशी पट्टी पिनवरून निसटली, जोडीची पट्टी एकटी पडली आणि कलंडून तीही पिनवरून घसरली. बरं, टॉवर तरी टिकावेत, तर तेही पायात घट्ट रोवलेले नव्हते, रॉकरवर, म्हणजे डुलू शकणाऱ्या बैठकीवर ठेवलेले, चेनच्या ताणावरच तोललेले. चेन गेली, टॉवर गेले, संपलं.

मग आधी कुणी बघितलं कसं नाही? हा प्रश्न मलाही पडला होता आणि उत्तर वाचून जरा अस्वस्थच झालो. चीर भोकाच्या आतल्या बाजूला होती, पिनने झाकलेली, वर चढून कितीही निरखून बघितलं असतं तरी दिसली नसती. सांधा खोलला असता तरच. बांधणाऱ्यांनाही मी फार दोष देणार नाही, असलं स्टील असल्या साध्या हवेत ताण आणि गंज मिळून चिरतं हे १९२८ ला माहितच नव्हतं. पण कडीला दोनच पट्ट्या, ही काटकसर मात्र त्यांचीच. ब्राझीलमध्ये फ्लोरियानोपोलिसला जवळपास त्याच काळातला, १९२६ चा असाच चेनवाला पूल आहे, हर्सिलियो लुझ, तिथे कडीला चार पट्ट्या. १९८२ साली त्यातली एक तडकलेली सापडली, पूल बंद केला, पण पडला नाही. दुरुस्ती रखडत रखडत २०१९ च्या डिसेंबरात तो पुन्हा सुरू झाला.

अमेरिकेत सिल्व्हर ब्रिज पडेपर्यंत पुलांच्या तपासणीला देशभर एक असा नियमच नव्हता. तो १९७१ मध्ये आला, निदान दर दोन वर्षांनी तपासणी.

आणि सिल्व्हर ब्रिजला एक जुळा भाऊ होता. त्याच नदीवर, वरच्या अंगाला सेंट मेरीज गावाजवळ, त्याच साली बांधलेला, तसाच. तो बंद केला. त्याच्या सांध्यात चीर आहे का हे बघायचं तर पिन काढायला हवी, आणि पिन काढायची म्हणजे पूलच उतरवायला हवा. १९७१ साली उतरवला.