आरतीच्या ताटात चिडाचं झाड

[दृश्य: देवघर, संध्याकाळ. ताटात कापराची वडी.]

आरती संपत आली की घरातल्या पोरांचं लक्ष कापराकडे लागतं. काडी लावली की भसकन पेटतो, थोडी काजळी धरतो आणि मागे चिमूटभर राखसुद्धा ठेवत नाही. कापूर कापराच्या झाडापासून होतो असं आपण धरून चालतो. एके काळी तो तसाच व्हायचा. आज मात्र पूजेच्या दुकानातला बहुतेक कापूर कारखान्यात तयार होतो, आपल्या रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळसुद्धा. आणि त्याचा कच्चा माल येतो पाइनच्या झाडातून.

[दृश्य: कुमाऊंचा डोंगर. उंच, सरळ बुंधे. वाऱ्याचा आवाज.]

हिमालयात उतारावर सगळ्यात जास्त भेटणारा पाइन म्हणजे चीड. मराठी माणसाला हे नाव ऐकून आधी राग आठवतो, पण झाड बिचारं शांत आहे. साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीवर ते वाढतं. एकेका जुडग्यात तीन लांब सुया. वाळून खाली पडलेल्या या सुयांना इथे पिरूल म्हणतात, आणि झाडाच्या चिकाला लीसा.

[दृश्य: जवळून. बुंध्यावर चालणारं हत्यार.]

लीसा काढणारा आधी बुंध्याची खडबडीत साल तासून एक पट्टा गुळगुळीत करतो. मधोमध उभी खाच पाडतो आणि दोन्ही बाजूंनी तिला येऊन मिळणाऱ्या तिरप्या, अगदी उथळ खाचा. खाली पत्र्याची छोटी पन्हळ, पन्हळीखाली भांडं. चीक थोड्या दिवसांत सुकून खाच बुजवतो, म्हणून परत यायचं, वरच्या अंगाला नवी खाच मारायची, आम्लाचं पातळ द्रावण फवारायचं. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत हेच. ऊन तापलं की लीसा जास्त वाहतो. ताजा असताना तो पाण्यासारखा नितळ असतो, मग दुधी होतो, मग मधासारखा ओढला जातो. बोटाला लागला तर फणसाच्या चिकासारखीच गत. साबण हरतो, तेल चोळावं लागतं.

झाडाच्या दृष्टीनं ही जखमेवरची खपली आहे. कीड आणि बुरशी आत शिरू नये म्हणून झाडानं स्वतःपुरती केलेली सोय. आपण ती भांड्यात जमा करतो.

[दृश्य: कारखाना. वाफ.]

लीसा वाफेच्या मदतीनं तापवला की त्याच्या दोन वाटा होतात. वाफेबरोबर उडून जातं आणि थंड करून परत धरलं जातं, ते टर्पेंटाइन. चिकाच्या पाचव्या हिश्शाहून थोडं कमीच. मागे उरते ती राळ. हिमाचलात नाहन आणि बिलासपूरला सरकारी कारखान्यांत हेच काम चालतं. राळ सारंगीच्या गजाला लागते, व्हायोलिनच्याही. आणि मराठीत आरोपांची राळ उडते ती जुन्या खेळांतून आलेली: मशालीवर राळेची पूड फेकायची, मोठा भडका उडायचा. ती राळ चिडाचीच असे असं नाही, पण भडका सारखाच.

टर्पेंटाइनमध्ये पाइनीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावर एकामागून एक प्रक्रिया करत गेलं की कापूर मिळतो. आपल्या चिडाच्या तेलात मात्र पाइनीन तुलनेनं कमी, कॅरीन आणि लाँगिफोलीन जास्त. त्यामुळे बाजारात ते जरा हलकं धरलं गेलं. लाँगिफोलीन हे नावच चिडाच्या जुन्या शास्त्रीय नावावरून पडलं, पायनस लाँगिफोलिया. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात सुख देव यांनी याच द्रव्याच्या रसायनावर मोठं काम केलं. पाषाण रस्त्यानं रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

[दृश्य: न्हाणीघर. बादली. पांढऱ्या फिनेलची बाटली.]

आता झाकणभर फिनेल बादलीत ओता. पिवळसर द्रव पाण्यात पडतो आणि पाणी दुधासारखं होतं. तेल विरघळलेलं नाही, त्याचे बारीक थेंब पाण्यात तरंगताहेत. हे पाइन ऑइल, मुख्यतः टर्पिनिऑल, आणि तेसुद्धा टर्पेंटाइनपासून बनवता येतं. जंतूंवर ते खरंच काम करतं, सगळ्यांवर सारखं नाही. अगदी स्वस्त बाटलीत मात्र पाइनचा नुसता वास असू शकतो.

[दृश्य: गडद काचेची छोटी बाटली.]

इसेन्शियल ऑइल म्हणून महाग विकलं जातं ते तिसरंच तेल. ते सुयांतून वाफेनं काढतात, आणि युरोपातल्या स्कॉट्स पाइनचं जास्त नावाजलेलं. खोलीत दरवळ छान राहतो. दमलेल्या पायांना चोळायचं तर मोठा चमचाभर खोबरेलात पाच-सहा थेंब पुरे, नुसतं कधीच लावायचं नाही. वास घेतला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. सर्दी त्यानं जात नाही, ती आपल्या वेळेनंच जाते. दम्याच्या माणसाला उग्र वासाचा त्रास होऊ शकतो. मांजर असलेल्या घरात नकोच. आणि पोटात तर एक थेंबही नाही. लहान मुलानं गिळलं तर तेल फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून उलटी करवायची नाही, थेट दवाखाना.

जुनी, अर्धी रिकामी बाटली टाकून द्या. हवा लागून तेलात जी द्रव्यं तयार होतात, त्यांनी त्वचेवर पुरळ उठतं. टर्पेंटाइननं कुंचले धुणाऱ्या रंगाऱ्यांना हे जुनं दुखणं.

[दृश्य: हार्डवेअरचं दुकान. पत्र्याचे डबे.]

गुडघ्याला चोळायला टर्पेंटाइन मागणारी आजी अजून भेटते. पण इथल्या डब्यात बहुधा पेट्रोलियमपासून काढलेलं तेल असतं. नाव तेवढं उरलंय, झाडाचा संबंध नाही. आम्ही गेलो त्या दुकानातला माणूस डब्याला हात लावण्याआधी प्रत्येकाला एकच विचारतो:

“रंगाला की गुडघ्याला?”