सुरीची धार आणि साधा दगड

मंडळी, मी आज तीन वस्तू आणल्या आहेत. एक सुरी, एक दगड आणि एक पिकलेला टोमॅटो. सुरी मुद्दाम बोथट ठेवली आहे. बघा, टोमॅटोवर टेकवली आणि दाबली. साल आधी आत दबली, मग फाटली, रस पाटावर आला. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती घसरून बोटावर येते. म्हणून धारेची काळजी सगळ्यात आधी हातांसाठी घ्यायची.

दुकानात स्वस्तात मिळतं ते फटीतून सुरी ओढायचं यंत्र. माझ्या आईची कार्बन स्टीलची सुरी मी अशाच एका यंत्रातून वर्षभर ओढली. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाने हे करायला नको होतं, पण केलं. त्या फटीतल्या कठीण पात्या पोलाद घासत नाहीत, खरवडतात. शिवाय मुठीलगतचा भाग फटीत जातच नाही, त्यामुळे तिथे उंचवटा राहतो आणि पुढचं पातं खोल जातं. आज ती सुरी पाटावर उभी धरली की मधून उजेड दिसतो. कोथिंबीर चिरली तर काड्या माळेसारख्या जोडलेल्या निघतात.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे हात चांगला असतो. फक्त चाक कोरडं नको. खूप ठिणग्या उडून कड निळी पडली, तर पोलादाचं पाणी उतरलं असं समजा. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही.

मग घ्यायचं काय? दोन बाजूंचा दगड, एका बाजूला 400 आणि दुसऱ्या बाजूला 1000 नंबर. हजार रुपयांच्या आत मिळतो. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. 6000 नंबर जपानी सुऱ्यांसाठी छान, पण आपल्या घरातल्या मऊ स्टीलला 1000 पुरतो. दगड लांब घ्या, निदान वीतभर, म्हणजे हात मोकळा फिरतो. त्याला पाणी लावत असाल तर पाणीच लावा. एकदा तेल मुरलं की त्यावर पाणी धरत नाही.

आता हात बघा. दगड भिजवला, खाली ओला फडका घातला, म्हणजे सरकत नाही. सुरी दगडावर आधी काटकोनात उभी धरा. त्याच्या निम्म्यावर आणा, पुन्हा निम्म्यावर. हा झाला साधारण 22 अंश, त्याहून किंचित खाली झुकवा. कोन धरता येतोय का हे कळत नसेल तर धारेवर मार्कर फिरवा आणि चार हात घासा. शाई नेमकी धारेवरून गेली तर कोन बरोबर. वरच उडाली तर सुरी फार आडवी पडली आहे.

एकच बाजू घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूवरून अंगठा धारेच्या आडवा, पाठीकडून बाहेर, अलगद न्या. काहीतरी खरखर अडकेल. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणतो. घासलेलं पोलाद धार ओलांडून पलीकडे वळलं, म्हणजे या बाजूचं काम झालं. मुठीपासून टोकापर्यंत बर लागली का, ते बघा. एखाद्या बोटभर जागी लागत नसेल तर तिथे धार झालेलीच नाही. बहुतेक लोक बर येण्याआधीच थांबतात आणि दगडाला दोष देतात.

मग दुसरी बाजू तशीच. शेवटी एकेक हात आलटूनपालटून, अगदी हलक्या हाताने, म्हणजे बर सुटून जाते. उरलीसुरली जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून ओढा. पूर्वी न्हावी वस्तरा असाच फिरवत.

दातेरी सुरी या दगडावर आणू नका. तिचे दात घासले जातील.

विळीचं मात्र वेगळं. पात्याला बाक असतो, सपाट दगड त्यात नीट बसत नाही. तिथे विळी हलवायची नाही, ती पायाखाली घट्ट धरून होडीच्या आकाराचा छोटा दगड हातात घ्यायचा आणि बाकाच्या अंगाने तळापासून वर न्यायचा. बोटं धारेच्या मागे हवीत, हे मी दोनदा सांगतो, बोटं धारेच्या मागे.

आता ज्यांनी सुऱ्या आणल्या आहेत त्यांनी पुढे या. प्रत्येकाने स्वतःच्या अंगठ्याने बर लागल्याशिवाय दगड सोडायचा नाही.